पुढच्या गाडीची वीज मागच्या ट्रेलरमध्ये: वाटेत मुरते कोठे?

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागातल्या माणसाला ट्रेलर ही वस्तू नवी नाही. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर कारखान्याच्या वाटेला लागलेले असतात, आणि माघ महिन्यात सौंदत्तीच्या यल्लमाला किंवा चिंचलीच्या मायाक्काला निघालेल्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली सगळे घरदार बसलेले असते. तेथे रात्रीचा एक दिवा लावायचा, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी ओढल्या की काम भागते. अलीकडे मात्र काही हौशी मंडळी जीपगाडीमागे ओढायचा राहता ट्रेलर, म्हणजे कॅरॅव्हॅन, बाळगू लागली आहेत, आणि त्यात पंखे, फ्रिज, पाण्याची छोटी मोटर, मोबाइलचे चार्जिंग असा संसार आला की दोन वायरींचा तो जुना हिशेब पुरा पडत नाही. गाडी चार तास चाललेली असते, तरी मुक्कामावर पोहोचल्यावर ट्रेलरची बॅटरी अर्धीमुर्धीच भरलेली आढळते, आणि दोष बॅटरीवर किंवा डायनामोवर ढकलला जातो. पुष्कळ वेळा तो या दोघांचाही नसतो. तो त्यांना जोडणाऱ्या वायरीचा असतो.

आधी रचना पाहू. पुढच्या गाडीच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर (यालाच बोलण्यात डायनामो म्हणतात) गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टची वीज तयार करतो. ती आधी गाडीच्या स्वतःच्या बॅटरीला आणि दिव्यांना जाते. ट्रेलरमध्ये दुसरी, घरवापराची बॅटरी असते. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्याच्या क्षणी काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते, तर ट्रेलरची बॅटरी थोडा करंट तासन्‌तास देण्यासाठी. घरी इन्व्हर्टरला लावतो ती ट्यूब्युलर बॅटरी या दुसऱ्या जातीची. ट्रेलरमध्ये गाडीच्याच जातीची बॅटरी बसवून ती रोज रात्री निम्म्याहून खाली उतरवली, तर काही महिन्यांतच ती दम तोडते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की पुढच्या अल्टरनेटरची वीज मागच्या बॅटरीत पुरेशा दाबाने, म्हणजे पुरेशा व्होल्टने, कशी पोहोचवायची.

येथे घरच्या वायरिंगचा अनुभव दिशाभूल करतो. घरात २३० व्होल्टवर १०० वॉटची वस्तू चालवायला अर्ध्या अँपियरपेक्षाही कमी करंट लागतो. तीच वस्तू १२ व्होल्टवर चालवायला आठ अँपियरहून अधिक करंट लागतो. वायरमध्ये गळणारा दाब करंटच्या प्रमाणात वाढतो. शिवाय २३० मधून दोन व्होल्ट गेले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही, परंतु १४ मधून दोन व्होल्ट गेले तर बॅटरी भरण्यासाठी हवा असलेला सगळा दाबच निघून जातो. ज्यांचे शेत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको: खांबापासून लांबवरच्या विहिरीपर्यंत बारीक केबल नेली, तर मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही. ट्रेलरच्या बाबतीत अंतर जरी आठ मीटरचेच असले, तरी बारा व्होल्टच्या विजेसाठी ते फार लांबचे शिवार असते.

आकडे घालून पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. बॉनेटमधल्या बॅटरीपासून गाडीच्या पोटाखालून, जोडणीच्या प्लगमधून, ट्रेलरमधल्या बॅटरीपर्यंत एका बाजूचे अंतर आठ मीटर धरू. वीज जाऊन परतही येते, म्हणून वायरीची एकूण लांबी सोळा मीटर झाली. घरातल्या प्लगसाठी वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे बाजारातली ‘अडीच स्क्वेअर’ तांब्याची वायर घेतली, तर या सोळा मीटरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे ०.११ ओहम भरतो. दहा अँपियर करंट वाहू लागताच १.१ व्होल्ट वाटेत मुरतात, वीस अँपियरला २.२ व्होल्ट. सहा स्क्वेअरची वायर घेतली, तर वीस अँपियरला सुमारे ०.९ व्होल्ट जातात, आणि सोळा स्क्वेअरची घेतली तर केवळ ०.३५ च्या आसपास. प्लगच्या पिना, फ्यूज आणि लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली जोडणी) यांची गळती याशिवाय वेगळी. घरात हीच अडीच स्क्वेअर वायर पंधरा अँपियरच्या प्लगला चालते, म्हणून येथेही चालेल, असे समजून कामाला लागणारा वायरमन लबाड नसतो. त्याला बारा व्होल्टचा हा हिशेब करायची वेळच कधी आलेली नसते.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे, आणि ती नीट समजली म्हणजे उरलेला सगळा विषय सोपा होतो. बारीक वायरीने ट्रेलरची बॅटरी मुळीच भरत नाही, असे नाही. ती फार हळू भरते, आणि भरत जाईल तसतशी आणखी हळू. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत आहे आणि अर्धी उतरलेली बॅटरी चार्जिंगच्या सुरुवातीला १२.९ व्होल्टवर आहे, असे धरले तर मधला फरक १.३ व्होल्टचा, आणि ०.११ ओहमच्या वायरीतून त्या फरकाच्या बळावर साधारण बारा अँपियर वाहतील. थोड्या वेळाने बॅटरीचा दाब १३.४ पर्यंत चढला की फरक ०.८ व्होल्टवर येतो आणि करंट सात अँपियरवर उतरतो, बॅटरी १३.८ ला पोहोचली की अवघे साडेतीन अँपियर उरतात. बॅटरीची भूक अजून शमलेली नसते, पण तिला वाढणारा हात आखडलेला असतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरण्यासाठी तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट कित्येक तास टिकून राहावे लागतात. प्रवास त्याच्या आत संपतो. अशी अर्धवट भरलेली बॅटरी वारंवार तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो, आणि मग तिची साठवण्याची ताकदच कमी होते.

वायरिंग झाल्यावर वायरमन मीटर लावून दाखवतो आणि ट्रेलरच्या रिकाम्या प्लगवर चौदा व्होल्ट दिसतात. मालक समाधानाने घरी जातो. हे मोजमाप निरर्थक आहे, कारण करंट वाहत नसताना दाब गळतच नाही. केसाएवढ्या वायरीच्या टोकालाही त्या वेळी चौदाच व्होल्ट दिसतील. खरी परीक्षा करायची तर ट्रेलरची बॅटरी थोडी उतरलेली असावी, तिच्यावर पंखे-दिवे चालू असावेत, गाडीचे इंजिन चालू असावे, आणि मग एकदा गाडीच्या बॅटरीच्या टोकांवर व एकदा ट्रेलरच्या बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत मुरलेली वीज. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम चोख झाले आहे. तो एक व्होल्टच्या वर असेल, तर मीटरची एक काडी गाडीच्या बॅटरीच्या अधिक टोकावर आणि दुसरी ट्रेलरच्या बॅटरीच्या अधिक टोकावर ठेवून जाणाऱ्या वायरीतली गळती वेगळी मोजावी, आणि तसेच दोन्ही उणे टोकांमध्ये मोजून परतीच्या वायरीतली. त्यासाठी मीटरला लांब वायर जोडावी लागते, पण दोष कोणत्या बाजूला आहे हे पाच मिनिटांत कळते.

परतीची वायर हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. गाडीत उणे बाजूसाठी बॉडीचाच वापर करण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ट्रेलर गाडीला लोखंडाने जोडलेला असल्यामुळे अर्थिंग आपोआप मिळाली असे गृहीत धरले जाते. ओढण्याच्या गोळ्यावर ग्रीस असते, गंज असतो, आणि खड्ड्यात ट्रेलर उसळला की तेथला स्पर्श क्षणभर सुटतोही. चार्जिंगची परतीची वायर अधिक वायरीएवढीच जाड आणि स्वतंत्र असली पाहिजे. खरेदी करतानाही डोळे उघडे ठेवावेत, कारण तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा स्वस्तात मिळतात आणि दिसायला हुबेहूब तांब्यासारख्या असतात. एक तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. तिचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो, त्यामुळे सोळा स्क्वेअर म्हणून घेतलेली वायर दहा-अकराचेच काम करते.

आता जोडणीचा प्लग. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांसाठी जो गोल सात पिनांचा प्लग वापरतात, त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणात १२-एन म्हणतात आणि त्याच्या पिना इंडिकेटर, ब्रेक, टेल व फॉग दिवे आणि अर्थ यांना वाटून दिलेल्या असतात. घरवापराच्या विजेला त्यात जागाच नाही. परदेशी कॅरॅव्हॅनवर त्यासाठी १२-एस नावाचा दुसरा सात पिनांचा प्लग, किंवा दोघांचे काम एकत्र करणारा तेरा पिनांचा प्लग असतो. तेरा पिनांच्या प्लगमध्ये नऊ नंबरच्या पिनेवर कायमचे बारा व्होल्ट, दहा नंबरवर चावी फिरवल्यानंतरचे बारा व्होल्ट, आणि त्या दोघांच्या परतीसाठी अनुक्रमे तेरा व अकरा नंबरच्या पिना असतात. तरीही या बारीक पिनांवरून वीस-पंचवीस अँपियर सतत नेणे मला पटत नाही. फोर्कलिफ्टच्या बॅटरीला जो चौकोनी, जाड, दोन तोंडांचा प्लग असतो, तो अँडरसन जातीचा पन्नास अँपियरचा प्लग चार्जिंगसाठी वेगळा बसवावा, आणि दिव्यांचे काम सात पिनांच्या प्लगवरच ठेवावे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात कारखान्यांची कामे करणाऱ्या दुकानदाराला फोर्कलिफ्टचा प्लग म्हणून सांगितले की तो बरोबर समजतो.

दोन बॅटऱ्या वायरीने थेट जोडून ठेवल्या, तर रात्री ट्रेलरमधले पंखे दोन्ही बॅटऱ्या पितात आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. यात्रेच्या गर्दीत गाडीला धक्का मारायला माणसे मिळतात, हे खरे, परंतु मागे ट्रेलर जोडलेला असताना तो धक्का कोण मारणार? म्हणून इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या परस्परांपासून तुटल्या पाहिजेत. सर्वांत साधा उपाय म्हणजे चावीवर चालणारा जाड रिले, म्हणजे विजेने जोडणारा-तोडणारा स्विच. त्यात उणीव अशी की चावी लावून कोणी गाणी ऐकत बसले तरी रिले जोडलेलाच राहतो, आणि सेल्फ मारताना ट्रेलरच्या बॅटरीतून उलटा करंट धावून मधला फ्यूज उडू शकतो. दुसरा उपाय व्होल्ट पाहून स्वतः जोडणारा-तोडणारा रिले: गाडीच्या बाजूला साधारण १३.३ व्होल्ट दिसले की तो जोडतो, १२.८ च्या खाली गेले की तोडतो. जुन्या गाड्यांवर हा रिले वर्षानुवर्षे निमूटपणे काम करतो.

नव्या गाड्यांवर मात्र त्याची अडचण होते. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुराची बीएस-६ मानके लागू झाली, आणि इंधन वाचवण्यासाठी कितीतरी नव्या गाड्यांत अल्टरनेटर किती वीज तयार करील हे गाडीचा संगणक ठरवतो. सरळ रस्त्यावर गाडी एका वेगाने चालू असताना, बॅटरी भरलेली आहे असे पाहून तो दाब साडेबारा व्होल्टपर्यंतही उतरवतो. उतारावर किंवा पाय काढल्यावर तो पंधराच्या जवळ नेतो. व्होल्ट पाहणारा रिले अशा गाडीत कधी जोडतो, कधी तोडतो, आणि महामार्गावर निपाणी ते धारवाड एवढे अंतर कापूनही ट्रेलरची बॅटरी जवळजवळ कोरडी राहते. अशा गाडीसाठी डीसी-टू-डीसी चार्जर हाच उपाय आहे. हे यंत्र ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवतात. आत येणारा दाब साडेबारा असो वा चौदा, बाहेर ते बॅटरीला हवा तो दाब, हवा तेवढाच करंट आणि योग्य टप्प्याने देते. इंजिन चालू नाही हे ओळखून ते स्वतः थांबते, म्हणून वेगळा रिले लागत नाही.

एवढे असले तरी चार्जर म्हणजे बारीक वायरीवरचा उतारा नव्हे. वीस अँपियरचा चार्जर १४.४ व्होल्टवर २८८ वॉट बाहेर देतो. आतल्या गळतीसह त्याला सुमारे ३२० वॉट आत लागतात, म्हणजे साडेबारा व्होल्टवर पंचवीस अँपियरहून थोडे अधिक. वायर बारीक असेल तर चार्जरपाशी दाब पडतो, तो भरून काढायला चार्जर आणखी करंट ओढतो, त्याने दाब आणखी पडतो, आणि शेवटी चार्जर हात टेकतो किंवा वायर गरम होते. आठ मीटरसाठी दहा स्क्वेअर ही मी किमान मर्यादा मानतो. सोळा परवडत असेल तर सोळाच घ्यावी. बीएस-६ गाडीत आणखी एक काळजी घ्यावी लागते: बॅटरीच्या उणे टोकावर करंट मोजणारा छोटा सेन्सर असेल, तर आपली परतीची वायर त्या टोकाला थेट न जोडता बॉडीच्या अर्थ बोल्टला जोडावी, नाहीतर सेन्सरला चुकवून गेलेला करंट संगणकाच्या हिशेबात येत नाही.

फ्यूजबाबत तडजोड नको. येथे वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणजे वायर मध्येच कोठे घासून बॉडीला लागली तर आग लावायला दोन्हीकडून वीज येते. म्हणून दोन्ही टोकांना, बॅटरीपासून जितका जवळ बसेल तितका जवळ, फ्यूज हवा. फ्यूज यंत्राला वाचवण्यासाठी नसून वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी आणि चार्जरच्या गरजेपेक्षा जास्त ठेवतात. वरच्या उदाहरणात चाळीस अँपियर योग्य ठरेल. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार पिळून बसवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ट्रेलरमध्ये माणसे झोपतात हे ध्यानात घ्यावे.

लिथियमच्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता सहज मिळतात. वजनाने हलक्या, आणि क्षमतेचा बहुतेक भाग वापरता येणाऱ्या. मात्र त्यांचा आतला रोध इतका कमी असतो की जाड वायरीने थेट जोडल्यास त्या अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढत राहतात. गोव्याहून बेळगावकडे चोर्ला घाट चढताना ट्रेलर ओढत गाडी हळू चालते, इंजिनाची धग वाढलेली असते, वारा कमी लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी अल्टरनेटरवर पूर्ण भार पडून त्याची आतली गुंडाळी किंवा डायोड जळू शकतात. डीसी-टू-डीसी चार्जर करंटला ठरावीक मर्यादा घालतो, आणि लिथियमसाठी तो वापरण्याचे हेच मुख्य कारण आहे.

गरज किती, हे एका यात्रेच्या रात्रीवरून पाहू. अठ्ठावीस-तीस वॉटचे दोन बारा व्होल्टी पंखे आठ तास, पाच वॉटचे चार दिवे पाच तास, चार मोबाइल आणि थोडा वेळ पाण्याची मोटर, एवढे मिळून सुमारे ६६० वॉट-तास होतात, म्हणजे बारा व्होल्टवर ५५ अँपियर-तास. दीडशे अँपियर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी निम्मी, म्हणजे ७५ पर्यंतच वापरायची असे ठरवले, तर हे आरामात बसते. निपाणीहून सौंदत्तीला ट्रेलर ओढत चार तास लागले आणि वीस अँपियर नीट पोहोचले, तर ८० अँपियर-तास आत जातात, त्यातले काही बॅटरीच्याच चार्जिंगमध्ये खर्ची पडून सुमारे सत्तर कामाला येतात. हिशेब जुळला. यात कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज घातला की दिवसाला साधारण ५०० वॉट-तास वाढतात आणि एका रात्रीतच मर्यादा ओलांडली जाते. एसीचा विषय तर सोडूनच द्यावा; एक टनाचा एसी इन्व्हर्टरवर चालवायचा म्हटला तर बॅटरीतून शंभर अँपियरच्या आसपास ओढले जातात, आणि प्रवासभर जमवलेली वीज तासाभरात संपते. इंडक्शन शेगडीचीही तीच गत. त्यासाठी गॅसची शेगडीच बरी.

ट्रेलर ट्रॅक्टरला किंवा ट्रकला जोडायचा असेल, तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शेतीच्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बहुधा लहान, चाळीस अँपियरच्या आत-बाहेर असतो, आणि त्यातून ट्रॅक्टरचे दिवे, टेप व अ‍ॅम्प्लिफायर यांचा वाटा गेल्यावर ट्रेलरला दहा-पंधरा अँपियरच मिळतील, असे धरून लहान चार्जर घ्यावा. मोठ्या ट्रकची वीज चोवीस व्होल्टची असते. ती बारा व्होल्टच्या ट्रेलरला थेट जोडली तर दिवे, पंखे आणि बॅटरी सगळेच जाईल, म्हणून चोवीस व्होल्ट आत घेऊन बारा व्होल्टची बॅटरी भरणारा चार्जरच लागतो. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्ट काढण्याची युक्ती गॅरेजमध्ये सुचवली जाते. तिने एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम जास्त भरलेली राहून दोन्ही लवकर संपतात.

एका जागी दोन-तीन दिवस मुक्काम असेल तर गाडी उभी राहते आणि अल्टरनेटरही. इंजिन नुसते चालू ठेवून बॅटरी भरणे हा डिझेलचा अपव्यय आहे, कारण संथ फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर त्याच्या क्षमतेचा काहीच भाग देतो. यात्रेच्या दिवसांत, म्हणजे मार्गशीर्ष ते माघ, आपल्याकडे आभाळ बहुधा निरभ्र असते, आणि छतावर दोनशे वॉटचे सोलर पॅनेल व एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारे यंत्र) असेल, तर चांगल्या उन्हाच्या दिवशी ८०० वॉट-तासांच्या आसपास मिळतात. वरच्या हिशेबातले पंखे-दिवे तेवढ्यावर निघतात. मुक्कामाच्या जागी हेस्कॉमची वीज मिळत असेल, तर घरगुती बॅटरी चार्जर लावावा, मात्र ती जोडणी आरसीसीबीतून, म्हणजे वीज जमिनीत गळू लागताच ती तोडणाऱ्या स्विचमधून, घ्यावी, कारण ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या डब्यात २३० व्होल्ट शिरतात. जूनच्या मध्यापासून खानापूर तालुक्यात पाऊस एकदा बसला की आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही, आणि तेव्हा छतावरच्या पॅनेलपेक्षा गाडीखालून गेलेल्या त्या जाड वायरीवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून तिचे लग, प्लगची तोंडे आणि अर्थचे बोल्ट मे महिन्यातच उघडून, घासून, ग्रीस लावून घट्ट करून घ्यावेत.